कौसाबाईंची मूठ

परभणीच्या दवाखान्यात सुकेशनीला आज पहिल्यांदाच संमोहन देणार होते. शेजारच्या बाकावर दोघी जावा बोलत होत्या. धाकटीचा उजवा हात मळणीयंत्रात गेला होता.

"कौसे, नसलेली बोटं अजून दुखायलेत?"

"मूठ आवळल्यावानी. उघडतच न्हाई."

"आन् डॉक्टरची ती गुंगी?"

"ती समद्यांला येत न्हाई, अक्का. ज्याच्या मेंदूतले दोन कोपरे आपसात लय बोलतेत, त्यालाच लवकर येती म्हणे."

"तुझे बोलत न्हाईत?"

"तीनदा बसले. काईच झालं न्हाई."

"अगं, नवरात्रात तर तुझ्या अंगात येतंय!"

"सासूबाईला बरं वाटावं म्हणून घुमत व्हते मी."

"अगं बाई! आन् इथं?"

"इथं बी डोळे मिटून पडले. डॉक्टर इतकं जीव लावून बोलायले व्हते. उठल्यावर पुसले, दुखणं गेलं का? म्हणलं, गेलं."

"आता तरी खरं सांग."

"कसं सांगू? त्यांनी खुशीनं गोळ्या बंद केल्या."

दार उघडलं. डॉक्टर हसत बाहेर आले.

"कौसाबाई, या नव्या ताईंना भीती वाटतेय. तुम्हाला किती आराम पडला, सांगा बरं."

कौसाबाईंनी रिकामी बाही पदराखाली घेतली.

"लय आराम हाय, ताई," त्या सुकेशनीला म्हणाल्या. "निस्ते डोळे मिटा."