लाट आणि चटई

सामोआतल्या आपियाच्या थिएटरातून त्सुनामीचा सिनेमा बघून लोसा बससाठी रांगेत उभी राहिली. पुढे ऑकलंडहून सुट्टीला आलेला एक पोरगा शेजारच्या म्हातारीशी तावातावाने बोलत होता.

"मावशी, ती काय लाट होती? बादलीतलं पाणी नुसतं!"

"पैसे नव्हते रे त्यांच्याकडे. आमच्या गावातलीच माणसं घेऊन केलाय."

"बरं, पण ती बया? लाट येतेय आणि ही चटई आणायला घरात परत जाते! एका चटईसाठी कोण जीव धोक्यात घालतं?"

"मी घातला."

"काय सांगता!"

"बारीक विणीची होती. आजीनं सुरू केली, आईनं पुरी केली. लाट ओसरल्यावर माझी धाकटी बहीण सापडली. तिला पुरताना कशात गुंडाळलं असतं?"

"मग सिनेमात दिसली ती चटई कुठली?"

"सिनेमावाल्यांनी बाजारातली चटई आणली होती. मी म्हटलं, लाट तुमची खोटी असू दे, चटई खोटी चालायची नाही. मी विणून देते, वर्षभर थांबा."

"मग?"

"मग काय? थांबले ते!"