फुलाफुलांचा शर्ट

आमच्या संत्याला समुद्रावर लोकांनी वेटर केल्तं, हे सांगितलं का तुम्हाला?

आम्ही दोघं भोकरदनहून पहिल्यांदाच कोकणात गेल्तो. सिनेमात समुद्राकाठची पोरं फुलाफुलांचे शर्ट घालून दिवसभर नाचतात, म्हणून संत्यानं मुद्दाम तसाच शर्ट शिवून घेतला. हॉटेलात पाय ठेवला न ठेवला, तोच एका पाहुण्या काकूंनी हाक मारली, "अरे, दोन चहा आण."

संत्या गडबडला, पण त्यानं खरंच चहा नेऊन दिला. मंग आजूबाजूला पाह्यलं, तर तिथले सगळे वेटर बराबर तसल्याच शर्टात. त्यातला निखिल नावाचा तिथल्याच गावातला पोरगा हसून म्हणला, "मालकांनी दिलेत. पाहुण्यांना सिनेमातल्यासारखी पोरं लागतात."

"मंग तुम्ही नाचता कधी?" संत्यानं विचारलं.

"गणपतीत. तुम्ही?"

"आम्ही बी गणपतीतच."

संध्याकाळी निखिलची ड्युटी सुटली. त्यानं मोबाईलवर ढोल-ताशा लावला, अन् आम्ही तिघं वाळूत असे नाचलो, की समुद्र पाहायला आलेले लोक समुद्राकडं पाठ करून आम्हालाच पाहून राह्यले होते.