दोर तुटला म्हणणारा सोमा

मंडळी, आधी एक सांगा. वाईट माणसाला आपण वाईट आहोत हे ठाऊक असतं का? हसलात! म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे कुणीतरी आलंच! शेजाऱ्याकडे बघू नका, इकडे ऐका.

वैनगंगेकाठी ऋषी भोयर नावाचा नाटककार होता. तिकडच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिथं नाटकं होतात, ती हा लिहायचा. त्याची बायको पार्बता बाळंतपणात अडली. दवाखाना पल्याड, नदीला पूर! सोमा नावाडी म्हणाला, "दोर तुटला, नाव निघत नाही." पार्बता काठावरच गेली.

घरचं माणूस गेलं ना, की दोष ठेवायला कुणीतरी लागतं. माझ्याही घरी आता एकच ताट मांडलं जातं, म्हणून सांगतो.

ऋषीनं नाटक लिहिलं! खलनायक कोण? नावाडी! दारू पितो, मिशा पिळतो, मरणाऱ्या बाईकडं बघून खदाखदा हसतो. अख्ख्या झाडीपट्टीनं सोमावर थुंकावं, एवढंच ऋषीला हवं होतं. आणि तिथली परीक्षा ठरलेली – बायांनी कडाकडा बोटं मोडली, की खलनायक पास!

तालीम बघायला गावच्या बाया आल्या. खुशाल नावाचा नट मिशा पिळून हसला – आणि बायाही हसल्या!

जनाबाई म्हातारी म्हणाली, "का गा ऋषी, हा राक्षस होय का जोकर?"

खुशाल वैतागला. "भाऊ, बाई मरून राह्यली, मी कावून हसू?"

"तू नीच आहेस म्हणून!"

"नीच माणूसबी घरी जाऊन जेवते ना जी! यानं नाव कावून नाही काढली? ते सांगा, मंग करतो."

मंडळी, हे तर सोमालाच विचारायला हवं होतं! मंडई तोंडावर. शेवटी ऋषी गेला सोमाच्या दारी, तेच विचारलं. सोमा जाळं विणत होता. मान वर केली नाही.

"दोर तुटला नव्हता, भाऊ. पाणी पाहून मी भेलो. भेलो म्हणाची लाज वाटली, म्हणून खोटं बोललो. लिहा तसंच."

ऋषीनं मिशा काढल्या, दारू काढली, हसणं काढलं.

मंडईत नाटक उभं राहिलं. खुशाल पुढं आला. हातात दोर – धडधाकट, अखंड! आणि खाली बघून म्हणाला, "दोर तुटला."

बोटं मोडायला बायांचे हात वर गेले होते, ते तिथंच थांबले. नाटक कंपनीचा मालक पडद्यामागं कपाळ धरून, "बुडालो!" एवढ्यात जनाबाईचा आवाज – "भेला गा तो... मीबी भेली असती."

ऋषीनं सोमाला माफ केलं का? नाही. उगाच कशाला खोटं सांगू? पण घरी जाऊन तो पहिल्यांदा पार्बतासाठी रडला. तोवर रोज डोळ्यांपुढे सोमाच यायचा. तिला जागाच नव्हती!

आता तुमचं सांगा. तुमच्या मनातल्या नाटकात तो जो मिशा पिळत उभा आहे – भाऊ असेल, सून असेल, डॉक्टर असेल – त्याच्या तोंडी एक तरी खरं वाक्य घातलंत का? सुचत नसेल तर त्याच्या दारी जाऊन विचारा. जड जाईल. पण त्याच्यामागं तुमचं गेलेलं माणूस कधीचं ताटकळत उभं आहे, मंडळी. त्याला पुढं येऊ द्या. आणि आता त्याच माणसाला आठवून, हळू आवाजात देवाचं नाव घ्या.