आसगावची बेलं

करते न बाई, करते — नाही कुठं म्हनली मी? बसा तुम्ही, त्या पाटावर बसा, भितीले टेकून. आसगाववरून पवनी, पवनीवरून भंडारा, तिथून तुमसर, अन् मंग ही आंबागडची गाडी — एवढ्या उन्हाचं, अन् डोक्यावर बेलाची थैली घेऊन. बोडीच्या पाळीवरच्या, तळ्याच्या पान्यावर वाढलेल्या झाडाची न ही? वासावरूनच समजलं मले. आता फोडते, भिजवते, कोळते अन् शरबत करते. पन तुमच्यासाठी करते, कौशल्याबाई. ह्यायच्यासाठी नाही. एवढं आधीच सांगून ठेवते, मंग मनावर नोका घेऊ. — काय म्हनले ते तुमाले? मी पानी देत नाही म्हनले? म्हनले असतीन. मघाशी खाटेपाशी तुमच्या कानात काय सांगत होते ते मले इथं ऐकू नाही आलं, पन तुम्ही तिथून उठल्या अन् सरळ सैपाकघरात आल्या, तवाच समजली मी. पाठचा भाऊ तुमचा, तुमच्या कडेवर वाढलेला. तुमाले वाईट नाही वाटनार त कोनाले वाटनार? ऐका त मंग. माहे हातबी चालतीन, तोंडबी चालीन.

किडन्या गेल्या एवढं त फोनवर सांगितलंच होतं तुमाले. पन किडन्या गेल्या म्हनजे काय होते — मलेबी नव्हतं समजलं. मले वाटे, दुखत असीन पोटात. दुखत काही नाही. पेलेलं पानी बाहेर निघत नाही, बाई. अंगातच राहते. आधी पायात उतरते, मंग तोंडावर सूज चढते, मंग छातीत भरते. म्हनून भंडाऱ्याले मशीनवर न्या लागते, आज मशीन त उद्या आराम, परवा पुन्हा मशीन, ते पानी मशीन ओढून घेते. अन् मधातल्या दिवशी जे काही पेतीन ते मोजून — गोळी गिळायचं पानी त्याच्यातच, चहा त्याच्यातच, वरनाचं पातळबी त्याच्यातच. अन् फळाचा रस त नाहीच. त्यानं म्हने काळीज मधातच थांबते. हे मी माह्या मनानं सांगून राहिली काय? तिथं समजावून सांगितलं सगळ्यायले, ह्यायलेबी सांगितलं. मान हालवली ह्यायनं. मान त रोजच हालवतेत.

— नाही, मिक्सर नाही लावत. बिया फुटल्या का कडू होते. हातानंच कोळा लागते, पान्यात, हळूहळू, चोथा वेगळा होयेपर्यंत. कोनी शिकवलं म्हनजे? ह्यायनंच. मी लग्न होऊन आली तवा मले बेलाचं काहीच करता येत नव्हतं, आमच्याकडे ते नुसते महादेवाले वाहत. ह्यायचं अन् शरबताचं काय होतं तुमाले सांगू? तुम्ही तिकडे नांदत होत्या, तुमाले काय माहीत. धानाच्या मिलमधी दिवसभर कोंडा उडे, नाकात कोंडा, कानात कोंडा, घसा असा होये का घरी आल्यावर हाकबी निघत नव्हती. तरी येता येता तुमसरच्या बजारातून बरफ आनत. बारदान्यात गुंडाळलेला, भुशात दाबलेला, गाडीच्या मागं बांधून. गडाखालपर्यंत येता येता अर्धा वितळून जाये, रस्त्यानं पान्याची ओळ पडे, अन् लेकरं त्या ओळीवरूनच समजत का आले म्हनून. आल्याबरोबर पाय धुवायच्या आधी बेल कोळायले बसत. गूळ, काळं मीठ, भाजलेलं जिरं. बरफ फडक्यात घालून मुसळीनं ठोकत. अन् मंग वाटत बसत — या घरी, त्या घरी, वाटेनं चाललेल्या मानसाले हात धरून बसवत. सगळ्यायचं झाल्यावर भांड्याच्या बुडाशी जे राहीन ते स्वतः. इश्वरभाऊचं शरबत म्हनत लोक. मी चिडे कधी कधी. गूळ काय फुकट येते, म्हने मी. आता वाटते, कायले चिडत होती.

तुम्ही गुंजनच्या लग्नात होत्या न? नाही, तुमच्या पायाचं तवाच झालं होतं, तुम्ही नाही आल्या. त तुमाले त्या दिवशीचं कोनी धड सांगितलं नसीन. मशीन नवीनच सुरू झाली होती. मी म्हटलं, पोरीचं लग्न आहे, तुम्ही खुर्चीवर बसा, सगळं होते. नाही ऐकलं. वऱ्हाड्यायले शरबत मीच देईन म्हने, माह्या पोरीचं लग्न अन् शरबत दुसऱ्याच्या हातचं? मले त पोरीच्या मागं उभं राहायची फुरसत नव्हती, कोन ध्यान देईन? पांढरा शर्ट घालून भांड्यापाशी उभे होते. हसून राहिले, एकेकाले हातात देऊन राहिले. किती दिवसानं हसले होते म्हनून मीबी दुरूनच पाहून निघून गेली. तिथं व्याही म्हनाले, तुम्हीबी घ्या न आमच्यासंग. आता व्याह्याले काय सांगतीन, का माह्या किडन्या गेल्या? घेतला. मंग जावायानं दिला. मंग कोनी कोनी. पोरीची पाठवनी होयेपर्यंत उभे होते, तिच्या गाडीले हात केला, अन् मंग मांडवातल्या खुर्चीवर बसले ते उठलेच नाही. श्वास येईना, बाई. पान्यात बुडालेला मानूस कसा करते, तसे करून राहिले, कोरड्या मांडवात बसून. बाजूच्या भूपेंद्रनं गाडी काढली. आडवं होता येत नव्हतं, बसवूनच नेलं, भंडाऱ्यापर्यंत माह्या खांद्यात नखं रुतवून होते. मशीन लागली, पानी ओढलं, वाचले. अन् तिथं मलेच बोलले सगळे, घरचे लोक काय करत होते म्हनून. गुंजन दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली, हळदीच्याच अंगानं. सासरचा पहिला दिवस तिचा, अन् बापाच्या खाटेपाशी भुईवर बसून होती.

तवापासून फ्रिजले कुलूप आहे. हो, मीच लावलं. तुमाले आसगावले बसूनबी समजलं असीन, इथं त सगळ्यायले माहीत आहे, धुरपतानं नवऱ्यापासून पानी कुलपात ठेवलं. कोनी तोंडावर बोलत नाही, पन नळावर गेली का गोष्टी थांबतेत. ऐकून घेते. पन कुलपानं काय होते, बाई, पानी का फ्रिजमधीच असते? न्हानीत आंघोळीचं पानी पेत होते. मले पत्ता नाही. मशीनवर घ्यायच्या आधी तिथं काट्यावर उभं करतेत, किती पानी चढलं पाहायले. ह्यायनं गुंजनची शपथ घेतली, एक घोट जास्त नाही पेलो म्हने, अन् काटा दुसरंच दाखवून राहिला. आता आंघोळ मीच घालते, अंग पुसून देते ओल्या फडक्यानं. त तोंड पुसता पुसता फडकंच दातात धरतेत. एवढा मोठा मानूस. बारदाने उचलनारा मानूस. दातातून ओढून घ्या लागते मले, अन् ओढताना त्यायच्याकडे पाहत नाही मी.

देत नाही असं नाही, देते. दुपारी बरफाचा खडा देते एक. डोळे मिटून घेतेत, वितळेपर्यंत बोलत नाही, हालत नाही. त्या वेळेले मलेबी बरं वाटते. मंग खडा संपला का शिव्या. कधी नव्हते देत शिव्या, तुमाले माहीत आहे त्यायचा सोभाव. तू मले सुकवून मारून राहिली म्हनतेत. आता मी काय सांगू — नाही दिलं त मारून राहिली, अन् दिलं त खरंच मारीन. रात्री भांडं वाजलं का मी उठते. सूनसान असलं त मंग त्याच्यानंच उठते. गुंजन म्हनते, आई, मी येते आठ दिवस. कायले येते? तिचं आता कुठं बसलं तिथं. नोको म्हटलं मी. तिले वाटते, आई खंबीर आहे. वाटू द्या.

झालं. गाळून घेतलं. बरफ टाकते अन् — घ्या. गूळ कमी वाटला त सांगा. बरं आहे न? तुमच्या झाडाचंच आहे, बरं नाही लागनार त काय.

काय म्हनता? हा दुसरा गिलास?

भरला असीन हातानं. सवय असते हाताले, दोन गिलास भरायची — नाही. सवय नाही, बाई, खोटं कायले बोलू. तुम्ही दारात उभ्या राहिल्या, थैलीत बेलं पाहिली, अन् तवाच मनात आलं माह्या. मोठी बहीन आहे, आईच्या जागी आहे, दुरून आली. ही काही ऐकनार नाही, हा गिलास उचलीन अन् जाईन खाटेपाशी. मी ओरडीन थोडी. हात आडवा लावीन, लावल्यासारखा. अन् ते पेतीन, पोटभर पेतीन, बरफासकट. माह्या हातानं नाही, तुमच्या हातानं. मंग भंडारा नाही, काटा नाही. मी इथंच, या भुईवर, पदर तोंडावर घेऊन झोपली असती. किती झोपली असती, बाई.

असं नोका पाहू माह्याकडे. मलेबी आत्ताच ऐकू आलं, मी काय बोलली ते.

नाही — हात नोका लावू त्याले. नोका लावू म्हनते न मी. ठेवा खाली. — ऐकलं? आवाज देऊन राहिले. बाई, झालं का म्हनून राहिले, तुमाले. — होऊन राहिलं जी, थांबा थोडं.

आना इकडे तो गिलास.

थंड आहे. दात झिनझिनले माहे. मशीन लागली तवापासून मी थंड नाही पेली, बाई. कोनी सांगितलं नव्हतं. त्यायच्यासमोर पेववत नाही, अन् त्यायच्या मागं घशाखाली उतरत नाही. — गोड झालं. जिरं थोडं जास्त पडलं. बरं झालं तरी. संपवते मी हा. सगळा संपवते.

तुमचाबी संपवा. अन् डोळे पुसा. तोंडबी पुसा, ओठाले लागून आहे, त्यायले वास समजते. जा आता, बसा त्यायच्यापाशी, तुमचा हात धरून बसले का बरं वाटते त्यायले. मले थोडी बसू द्या एकटी. इचारतीनच ते. इचारलं त सांगजा, शरबत झालं होतं, सगळं धुरपता पेली म्हना. जा.