बादलीतला मग

...नाही, मी म्हणतो, दुसऱ्याच्या बादलीला हात लावायचाच कशाला? आता तुम्ही म्हणाल, एका बादलीवरून एवढं काय... तुम्हाला सांगतो, ती बादली नाही. म्हणजे आहे बादलीच, निळी, बायकोची कपडे भिजवायची, पण आता तिच्यावर मी तांब्याची तार गुंडाळली आहे, वेढ्याला वेढा चिकटवून, वरपासून खालपर्यंत, आणि आत अडकवलाय एक मग, त्याच्यावरही तार. बादलीत मग. मग? मग काय, मग फिरवायचा!

थांबा, नीट सांगतो. मी हौशी रेडिओवाला. लायसन्स आहे माझ्याकडे, असं बघू नका. आणि मला नाद लागला तो फ्रिक्वेन्सीच्या अगदी खालच्या पट्ट्याचा, जिथे एकेक लाट दोन-दोन किलोमीटर लांब. तिला एरियल लागते अर्धा किलोमीटर. आमची गच्ची केवढी? दोन चादरी वाळत घातल्या की तिसरी शेजाऱ्याच्या तोंडावर. मग लांबी आणायची कुठून? तर कमी पडलेली लांबी तार गुंडाळून भरून काढायची. हीच ती कॉइल. आणि आतला मग इकडे-तिकडे फिरवला की ती त्या लाटेशी बरोबर जुळते. हे सगळं बायकोला समजावलं, तर ती म्हणते कशी, "म्हणजे आता एरियललासुद्धा गुंडाळलंत!" तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण...

पण असं बघा. मी गच्चीवर जातो, बादलीपाशी उकिडवा बसतो, मग फिरवतो. किती जुळलं ते दाखवणारा मीटर तिथे ठेवलाय, त्याचा काटा चढतो, चढतो, चढतो... टोकाला! वा! उठतो, गच्चीलगतच्या माझ्या खोलीत येतो, तिथला मीटर बघतो, तर काटा खाली झोपलेला. परत जातो. काटा टोकाला. आत येतो. झोपला! म्हणजे मी पाठ फिरवली रे फिरवली की कुणीतरी येतंय, मग फिरवतंय आणि जातंय. दुसरं काय असणार?

आणि हे सगळं कधी? तर लंबक चाललाय तेव्हा. लंबक म्हणजे माझा मित्र, पलीकडच्या गावात घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून लंबक. लहानपणी दोन डब्यांना दोरा बांधून बोलायचो आम्ही, तिथून ही सुरुवात. या खालच्या पट्ट्यावर एकदा तरी एकमेकांना गाठायचं, हा आमचा म्हातारपणाचा हट्ट. आणि आता तो मुलीकडे राहायला चाललाय, फ्लॅटमध्ये, तिथे खिडकीबाहेर रुमाल वाळत घालायला बंदी. "रविवारी संध्याकाळी शेवटचं बघू," म्हणाला, "सोमवारी तार उतरवतोय." फोनवर म्हणाला. आता, फोनवर बोलता येतं तर हे कशाला, असं विचारू नका. फोनवर काय, कुणीही बोलतं!

तर चोर कोण? बायको? बादली तिची, राग तिचा. मेव्हणा? चार दिवसांसाठी आलाय आणि माझ्या खोलीकडे बघून "इथे पलंग छान बसेल" म्हणतो. की खालचा दातांचा डॉक्टर? मी सिग्नल सोडला की त्याच्या टीव्हीवर माणसं वाकडी होतात म्हणे. जिन्यात भेटला की हसतो. सगळे दात दाखवून. हसण्यासारखं काय आहे?

संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण मी मगाच्या कडेवर आणि बादलीवर नेलपॉलिशची एकेक खूण केली. समोरासमोर. काटा पडला, धावत जाऊन बघतो तर खूण जागच्या जागी! म्हणजे चोर किती पोचलेला, बघा. मग फिरवतो, माझं वाटोळं करतो, आणि परत खुणेवर आणून ठेवतो!

मग मी गच्चीभर पीठ पसरलं. पावलं उमटतील म्हणून. उमटली ना. सगळी माझीच. म्हणजे चोर माझ्याच चपला घालून येतो. मेव्हण्याला म्हटलं, "पाय दाखव." तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही जरा झोपत जा." आणि बायको? चाळणी घेऊन पीठ गोळा करत राहिली. तिचं ते पीठ चाळणं मला जास्त लागलं, खरं सांगतो.

रविवार उजाडला. मी खुर्ची टाकून बादलीशेजारीच बसलो. येऊ दे आता कोण येतो ते. कुणी आलं नाही. काटा टोकाला, हलायला तयार नाही. कसा हलेल? चोराने मला पाहिलं असणार! संध्याकाळ व्हायला आली, लंबकाची वेळ झाली, मी निरोप पाठवायला आत जायला उठलो आणि खोलीतून बायकोचा आवाज.

"बसा."

"अगं, वेळ झाली..."

"बसा म्हणते ना. हं. आता उठा. आता बसा. परत उठा."

तुम्हाला सांगतो, सहा उठाबशा काढल्या मी गच्चीवर. खाली डॉक्टर, सगळे दात बाहेर. आणि ही खोलीतल्या मीटरसमोर कमरेवर हात ठेवून. "तुम्ही बसलात की काटा चढतो, उठलात की पडतो," म्हणाली. "चोर सापडला. त्याला म्हणावं, सासरच्या माणसांची माफी माग."

 बरोबर होतं हो! अंगाचा परिणाम होतो कॉइलवर, पुस्तकात पहिल्या पानावर असतं. मी स्वतःला शेजारी धरून मग जुळवत होतो, आणि मी उठून गेलो की जुळलेलं बिघडत होतं. मीच चोर, मीच पहारा! माफी मागितली. दोघांची. मेव्हण्याची जरा मोठ्याने, कारण तो ऐकू आलं नाही म्हणाला.

पण वेळ कुठे होती आता नव्याने जुळवायला? लंबक तिकडे हेडफोन कानाला लावून बसलेला. बायको म्हणाली, "तुम्ही तिथेच बसा. कुठलं बटण दाबायचं तेवढं सांगा." सांगितलं. तिने दाबलं. मी बादलीशेजारी, हात मांडीवर, श्वाससुद्धा बेताने. किती वेळ गेला... आणि खिडकीतून तिचा आवाज, "अहो, कॉम्प्युटरवर अक्षरं येतायत. एकेक येतंय. ऐ... कू... आ... लं... ऐकू आलं. पुढे आहे अजून. छान गुंडाळलंस."

छान गुंडाळलंस! दोऱ्याच्या त्या टोकाला लंबक, या टोकाला मी, मधे सगळं आयुष्य. डोळ्यांना धार लागली माझ्या. पुसायला हात वर केला, तर आतून ओरड, "हलू नका, काटा हलतोय!"

लंबक गेला फ्लॅटमध्ये. बायकोला मात्र नाद लागला. परीक्षा दिली, लायसन्स काढलं. आता रोज संध्याकाळी खोलीत ती आणि बादलीशेजारी मी. वास्तविक मी मगाला लांब लाकडी दांडा केला होता, लांबूनच मग फिरवता यावा, कुणाला तिथे बसायला लागू नये म्हणून. चांगला हातभर... छे, चांगला पुरुषभर लांब. परवापासून तो दांडा सापडत नाहीये. बायकोला विचारलं, तर म्हणते, "असेल कुठेतरी. तुम्ही बसा निवांत."

संशय घ्यायचा माझा स्वभाव नाही, पण... जाऊ दे. बसतो.