कपाट म्हणजे तीन महिने

थांबा काका, कपाटाला दोरी बांधू नका अजून. तुमच्या माणसांना खालीच थांबू दे टेम्पोपाशी, पाच मिनिटं. बसा — बसा तरी कुठे म्हणू, या घरातल्या खुर्च्या तुमच्याच जुन्या सामानाच्या दुकानात आहेत. खिडकीच्या कठड्यावर टेका. कालपासून मीही तिथेच टेकतेय.

मी त्यांची मुलगी. शिकायला लांब गेलेली, तीच. काल दुपारी आले. मला वाटलं होतं, दार उघडलं की सगळं जिथल्या तिथे असेल — ते गोल टेबल, एक पाय आखूड म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी, आईचा पलंग, बाबांची हातांची खुर्ची. तिच्यावर दुसरं कुणी बसलं की बाबा बोलायचे नाहीत, नुसते समोर उभे राहून खोकायचे. परक्या खोलीत झोप नाही आली की मी हेच घर डोळ्यांपुढे आणायचे, एकेका वस्तूवरची धूळ पुसत फिरायचे मनातल्या मनात. आणि प्रत्यक्षात काय, तर भिंती आणि हे एक कपाट. फरशीवर पलंगाच्या पायांचे पांढरे गोल. 'आई' अशी हाक मारली तर माझाच आवाज घुमून परत आला. मला वाटलं चोरी झाली! म्हटलं, आई, पोलिसांत तरी गेलात का? तर ती हसायला लागली. म्हणाली, 'चोर कधी पाहुण्यासारखा दर महिन्याला येतो का गं, आणि पाणी पिऊन जातो?' — म्हणजे तुम्ही. रागावू नका, तिच्या बोलण्यात विष नसतं.

संध्याकाळी बाबा वर्कशॉपमधून आले. हातांना ग्रीस, आणि चेहरा असा फुललेला — मी आले म्हणून असेल, असं मला वाटलं. होतंच थोडंसं. पण पाणीसुद्धा न पिता सांगायला लागले, 'बाळ, घर मोकळं होत आलं!' पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार ना, त्याच्या आत घराचं कर्ज संपवायचं. हप्ता तर कधी चुकवला नाही त्यांनी, पण हप्त्याच्या वर दर महिन्याला जास्तीचे पैसे भरायचे. आधी ओव्हरटाइमचे भरले. ओव्हरटाइम बंद झाला, मग तुम्ही भेटलात. 'जास्तीचा रुपया थेट मुद्दलात जातो, व्याजाला चाखायलाही मिळत नाही,' म्हणाले, आणि मग बोटांवर मोजत — सोफा म्हणजे पाच महिने, टेबल म्हणजे दोन, पलंग म्हणजे चार. म्हणजे तेवढ्यानं कर्जाची मुदत कमी झाली. वस्तूंची नावंच विसरलेत ते, काका. या कपाटाकडे हात करून म्हणाले, 'आणि हे तीन महिने उद्या जातील.' लोकांचे बाप दारूपायी घर विकून खातात. माझ्या बापाला कर्ज फेडायचं व्यसन लागलंय. दारुड्याशी निदान भांडता येतं, चारचौघं आपल्या बाजूनं बोलतात — यांचं तर शेजारी कौतुक करतात! बँकेच्या मॅनेजरनं म्हणे उठून हात मिळवला.

आम्ही तिघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जेवत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, 'बाबा, आई म्हणजे किती महिने?' आईच म्हणाली, 'मला कोण घेतंय, मोडकी मी. किलोवर गेले तर गेले.' आणि हसली, एकटीच.

हो, कपाटाचे पैसे आगाऊ दिलेत तुम्ही, मला माहीत आहे. तेच तर. ते पैसे बाबांनी त्याच दिवशी भरलेसुद्धा, आणि जास्तीचे भरलेले पैसे बँक परत देत नाही. मुद्दलात गेले म्हणजे विहिरीत गेले. मी कुठून आणू? माझ्याकडे… थांबा, त्यावर येतेच मी. आधी इकडे या. हे बघा. खालच्या खणाची मूठ. मग ही मधली. मग ही वर, दाराची कडी. झिजल्यात ना? या तिघींच्या आजूबाजूचं पॉलिश उडालंय म्हणून तुम्ही भाव पाडलात, बाबा म्हणाले. बरोबर आहे, तुमचा धंदा आहे. पण आईच्या कमरेचा मणका सरकलाय, आणि पलंग तर तुम्ही नेलात. पहाटे ती फरशीवरून उठते ती अशी — आधी कुशीवर, मग सरपटत कपाटापर्यंत, मग खालची मूठ, गुडघा, मधली मूठ, थोडा वेळ तशीच लटकलेली, श्वास घेत, आणि मग कडी. आवाज करत नाही. ओठ आवळलेले असतात. आज सकाळी पाहिलं मी.

मी? मी… शेजारीच होते. जागी होते.

उठले नाही. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले. तुम्ही असे बघू नका, काका. तिला लाज वाटेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. मला भीती वाटली. आज हात दिला तर उद्याही द्यावा लागेल, परवाही — आणि सोमवारी मी जाणार होते. घरात ठाऊक नाही हे. डोंगरापलीकडे एक शाळा आहे, जिथे कुणी मास्तर टिकत नाही. मी तिथे जाणार, मुलांना शिकवणार, पगार नावापुरता. तिकडच्या मित्रमैत्रिणींपुढे केवढी भाषणं ठोकली होती मी! परत जायचं तर आपल्या माणसांना उठून उभं करायला जायचं, असं म्हणाले होते. हे माझेच शब्द. उठून उभं करायला. आणि हाताच्या अंतरावर माझी आई कडीला लटकलेली, आणि मी डोळे मिटून.

ती न्हाणीघरात गेली तशी मी उठले. शाळेला फोन केला, येत नाही म्हटलं. का विचारलं तर रडूच आलं, फोन ठेवला. मग बॅग उघडली आणि कपडे कपाटात लावले, सगळे. कपाटावरची तुमची खडूची फुली ओल्या फडक्यानं पुसली. बघा, उघडून बघा, खण भरलेत. भरलेलं कपाट कसं नेणार तुम्ही? त्याच्या बदल्यात ही बॅग न्या, चाकं शाबूत आहेत, आणि हा लॅपटॉप. चालतो, लावून बघा. मान काय हलवताय? तुम्ही घेत नसाल तर दुसऱ्याला विका, तुमच्या ओळखी असतील — काका, तुमच्या पाया पडते, माझ्याकडे तिसरं काही नाही. असतं तर पलंगही मागितला असता. मागेन. कुठेतरी नोकरी लागू दे, पहिल्या पगारात तो सोडवायला येईन, तोवर विकू नका एवढंच.

बाबा? ओरडतील. तीन महिने बुडवलेस म्हणतील, बोलायचेही नाहीत कदाचित. निवृत्तीनंतर हप्ता कसा भरायचा, विचारतील. पण सकाळी ठरवलंय — हप्त्याच्या वर आता एक पैसा जाणार नाही या घरातून, आणि मीही जाणार नाही.

घेतलीत? बॅगेची किल्ली कप्प्यात आहे. आता पुढच्या महिन्यात येऊ नका, काका, बाबांनी बोलावलं तरी.

आले गं आई! न्हाणीघराची कडी सोड, मी आलेय, माझा हात धर —

जाताना दार ओढून घ्या.