बादलीतले पट्टे

नाही, आधी मला सांगा, दार कोणी लावलं?

मैदानाकडचं दार. मी बोलायला उठले तेव्हा उघडं होतं. ऊन येतं म्हणता? आज तर ढग आलेत. बरं, राहू दे.

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्ष, आमच्या मोठ्या बाई. आरोग्य योजनेचे साहेब, वेळात वेळ काढून आलात. माझे सहकारी, पालक मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलोय ते मैदानाचा तास घेणारे आपले शिट्टी सर, सगळ्यांना नमस्कार. मी इथे भाषा शिकवते. शिक्षकांत सगळ्यात नवीन, म्हणून भाषण माझ्या गळ्यात पडलं. 'छान, हलकंफुलकं बोल गं,' असं मोठ्या बाईंनी दोनदा बजावलं. एकदाच सांगितलं असतं तर मला संशय आला नसता.

आता आलाय, तर विचारते. सरांची नोकरी अजून शिल्लक असताना निरोप कसला? स्वेच्छानिवृत्ती म्हणे. स्वेच्छा नक्की कोणाची? आणि समारंभ नेमका सातवीच्या मैदानाच्या तासालाच का? ते खोकं बघा, चकचकीत कागदातलं, सरांची भेट. मी उघडलं नाही, फक्त हलवून बघितलं. आत मनगटी पट्टा आहे, पैज लावते.

पालकांना पट्टा माहीतच आहे, घरोघरी दिलाय. योजना वाईट नव्हती हो. मुलांनी डब्यात भाजी-फळं आणावीत, वेळेवर झोपावं, रोज भरपूर हालचाल करावी, यात कोणाला काय खुपणार? हालचाल मोजायला मनगटावर पट्टा, आम्हा शिक्षकांच्यासुद्धा. वर्गावर्गात स्पर्धा. आकडे त्या समोरच्या पडद्यावर, रंगीत खांबांच्या रूपात. खांब उंच झाला की टाळ्या.

मग एक मजा दिसली. सातवीचा सगळ्यात उंच खांब गणिताच्या तासाचा. छताला टेकलेला. आणि मैदानाच्या तासाला खांबच नाही, सपाट. साहेबांनी तो पडदा बघून चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि निष्कर्ष काढला, की मैदानावर मुलं हालचालच करत नाहीत. तर मैदानाचा तास बंद करायचा, त्या जागी याच सभागृहात मुलांना बसवून पडद्यावर व्यायामाचं मार्गदर्शन. म्हणजे हलायचं कसं, ते बसून शिकायचं. गणिताच्या सरांना मात्र प्रशस्तिपत्र.

गणिताचे सर, खोकू नका. बाकाखाली चाळीस मनगटं खुळखुळ्यासारखी हलताना तुम्हाला दिसत नव्हती? आत्तासुद्धा व्यासपीठावर टेबलाखाली एक हात हलतोय. कोणाचा ते मी सांगणार नाही. थांबला बघा.

पण मैदानावरचा खांब सपाट का? मला आधी शिट्टी सरांचाच संशय आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, म्हातारे झाले, सावलीत बसवत असतील पोरांना. म्हणून एक दिवस या दारात उभी राहिले. सातवी धुरळा उडवत पळत होती. ओरडत होती, पडत होती. आणि कडेला एक निळी बादली होती, लादी पुसायची. आत सगळ्यांचे पट्टे.

झालं असं होतं. सातवीत एक मुलगी आहे, जरा सावकाश पळणारी. तिच्या आकड्याने वर्गाचा खांब खाली येतो, म्हणून पोरं तिला 'ब्रेक' म्हणायला लागली. 'ए ब्रेक, आज घरीच थांब की.' तिचं पोट रोज दुखायला लागलं, आणि ते बरोबर मैदानाच्या तासालाच; मग ती पायरीवर बसून राहायची. आईने डॉक्टर केले, औषधं केली. सरांनी फक्त जवळ बसून विचारलं. ती म्हणाली, 'सर, मी पळाले की सगळे माझ्या हाताकडे बघतात.'

दुसऱ्या दिवशी सरांनी बादली आणली. 'हातातलं सगळं यात टाका. आता पळा.' त्या दिवशी ती खो-खोत गडी म्हणून उतरली. बाद झाली, पुन्हा उतरली. पोट दुखलं नाही.

मी सरांना म्हटलं, साहेबांना हे सांगा ना, तास वाचेल. ते म्हणाले, 'सांगितलं तर गणिताच्या तासाला पोरांची झडती होईल, आणि माझ्या तासाला पट्टे परत चढतील. मग ती पोरगी पुन्हा पायरीवर बसेल. त्यापेक्षा मी जातो.'

सर, असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही 'कुणाला बोलू नकोस' म्हणालात, मी 'बरं' म्हणाले नव्हते. आणि तुमचंही मला पटलेलं नाही. तुम्ही गेलात तर ती पायरीवरसुद्धा बसणार नाही, ती या खुर्चीवर बसेल, पडद्याकडे तोंड करून. सगळी सातवीच बसेल.

साहेब, तुमच्या वहीत काय उतरतंय याची मला कल्पना आहे. झडती घ्यायची असेल तर माझ्यापासून सुरू करा. हा माझा पट्टा, इथे माईकपाशी ठेवते. मोठ्या बाई, तुम्ही सरांकडून खोलीची किल्ली जमा करून घेतलीत, शिट्टीसुद्धा, शाळेची मालमत्ता म्हणून. बादली कोणी मागितली नाही. ती सकाळपासून माझ्याकडे आहे, या टेबलाच्या मागे.

आता दाराचं सांगते. बाहेर सातवी उभी आहे. मीच बोलावलंय. त्यांचा तास अजून संपलेला नाही, आणि वेळापत्रक अजून बदललेलं नाही. मला खो-खो शिकवता येत नाही, पण बादली धरता येते.

एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलताना कुठे तोल गेला असेल तर सांभाळून घ्या, फार वेळ बसून राहिलं की होतं असं. उत्तरं द्यायची असतील ती बाहेर येऊन द्या, पण हात मोकळे ठेवून. सर, यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, त्याला म्हणतात स्वेच्छा.

मी दार उघडून निघाले. दार कोणी लावायचं नाही.